वैद्यांचे शास्त्रीय लेखन व निवेदन : पाच वाक्यदोषांची कसोटी

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चतुर्विध परीक्षेच्या बळावर वैद्य आयुष्यभर चिकित्सा करीत असतो. परंतु एका वैद्याने घेतलेले प्रत्यक्ष दुसऱ्या वैद्यापर्यंत पोहोचते ते शब्दांच्याच द्वारे. तो शब्द सदोष असला तर मूळ अनुभव कितीही खरा असो, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ एक कथा ठरतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात असे एखादे ज्येष्ठ वैद्य असतील की ज्यांच्या हातगुणाची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यांच्या पश्चात राहिलेल्या वहीत कल्पांची नावे सापडतात, क्वचित अनुपानही सापडते. परंतु तो कल्प किती रुग्णांना दिला, कितीजणांना गुण आला, कितीजणांना आला नाही आणि कोणाला त्रास झाला, याचा उल्लेख बहुधा नसतो. वैद्य गेले की त्यांचे ज्ञानही जाते. प्रस्तुत लेखात शास्त्रीय लेखन व सभेतील निवेदन या विषयाचा विचार करावयाचा आहे तो याच हानीच्या संदर्भात.

पुडीवरचा क्रमांक

आम्ही गणपतीपुळे येथे व्यवसाय करतो. येथील दवाखान्याचे एक वैशिष्ट्य असे की स्थानिक रुग्णांबरोबरच देवदर्शनास व समुद्रकिनाऱ्यावर आलेले परगावचे रुग्णही येतात. अंगारकीच्या दिवशी तर पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली अशा सर्व बाजूंची माणसे गावात असतात. कोणाला प्रवासाने पित्त झालेले असते, कोणाला अतिसार, तर कोणाला रांगेत उभे असता भोवळ आलेली असते. विचारपूस करताना पिशवीतून औषधे बाहेर निघतात. त्यांत रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते, तिच्यावर नाव, मात्रा, उत्पादनाची तारीख असे सर्व छापलेले असते. शेजारीच कागदाच्या पुड्या असतात आणि त्यांवर लिहिलेले असते, 'चूर्ण ३, सकाळ-संध्याकाळ'.

ही पुडी आपल्याच एखाद्या वैद्यबंधूने दिलेली असते आणि ती बहुधा विचारपूर्वकच दिलेली असते. परंतु त्या 'चूर्ण ३' मध्ये सर्पगंधा असेल तर? रुग्ण आधीच रक्तदाब कमी करणारी औषधे घेत आहे, त्याला भोवळ आली आहे आणि समोरच्या वैद्याला काहीही कळावयास मार्ग नाही. दूरध्वनी लागला तर ठीक, नाही तर सर्व अंधारात. येथे पुडीवरचे चार शब्द हीच शास्त्रीय लेखनाची पहिली परीक्षा होय. कल्पाचे नाव, प्रमुख घटकद्रव्ये, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एवढे जरी लिहिलेले असले तरी दुसऱ्या गावचा वैद्य, किंबहुना कोणत्याही पॅथीचा चिकित्सक, त्या रुग्णाला सावरू शकतो.

लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परिषद, शोधनिबंध, प्रमाणपत्र अशा गोष्टी येतात. वस्तुतः ज्या गोष्टी पुडीवर लिहिण्याची सवय नसते त्या गोष्टी निबंधात अवतरत नाहीत. म्हणून प्रारंभ तेथूनच करावयास हवा.

सर्पगंधेचा इतिहास काय सांगतो

सर्पगंधेचा उल्लेख वर आलाच आहे. हे द्रव्य आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. 'प्रत्यक्षशारीरम्' या ग्रंथाचे कर्ते कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात उन्माद व उच्च रक्तदाब या दोन विकारांवरील औषध म्हणून सर्पगंधेविषयी लेख लिहिला. त्याच सुमारास सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळातून अजमलीनसारखी क्षारद्रव्ये वेगळी केली. देशातील अनेक चिकित्सक हे औषध वापरू लागले. तरीही देशाबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

पुढे १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव मांडला होता. औषध कोणते, ते कशा स्वरूपात दिले, किती काळ दिले, औषधापूर्वी व नंतर रक्तदाब किती होता, या गोष्टी वाचकाला पडताळून पाहता येतील अशा रीतीने दिल्या होत्या. अमेरिकेत बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून आपल्या रुग्णांवर हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसर्पीन वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. कालांतराने याच औषधामुळे काही रुग्णांना नैराश्य येते हेही नोंदले गेले आणि त्याचा वापर मर्यादित झाला.

या इतिहासाकडे आपल्या सभासंमेलनांतून बहुधा अभिमानाने किंवा खंतीने पाहिले जाते. आम्हास यातील वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. द्रव्य तेच होते, गुणही तोच होता. १९३१ चा लेखही होता. मात्र १९४९ चा निबंध ज्यांनी वाचावयास हवा होता त्यांच्या हाती पडला आणि तो वाचून परक्या देशातील चिकित्सकाला दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग करणे शक्य झाले. शास्त्रीय लेखनाची हीच व्याख्या मानावी : वाचणाऱ्याला आपल्या अनुपस्थितीत आपले म्हणणे तपासून पाहता आले पाहिजे. दुष्परिणामांची नोंदही या तपासणीतूनच पुढे आली, हे विसरता कामा नये. जे तपासता येते तेच सुधारता येते.

बिरवाडीचा वैद्यकीय अधिकारी

"मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हे जमेल, खेड्यातल्या वैद्याला कसे जमावे?" असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाचा दंश ही तेव्हा कोकणातील जीवघेणी आपत्ती होती. दंश झालेला रुग्ण काही तासांत फुप्फुसात पाणी साठून दगावत असे. डॉ. बावस्कर रुग्णाशेजारी बसून लक्षणांची नोंद करीत राहिले. ओकारी, दरदरून घाम, लाळ सुटणे, हातपाय थंड पडणे ही लक्षणे पुढील हृदयविकाराची पूर्वसूचना देतात, हे त्यांच्या ध्यानात आले. यांतील एकही लक्षण पाहण्यास यंत्र लागत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर त्यांनी पूर्वरूपांचा अभ्यास केला.

ही निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. १९८६ साली त्याच साप्ताहिकात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी त्यांचे व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे टिपण आले. हे औषध अन्य प्रयोजनासाठी बाजारात उपलब्ध होते. विंचवाच्या विषाने जी प्रक्रिया उसळते तिला ते अडविते, हा युक्तिवाद त्यामागे होता. पुढे कोकणात व कोकणाबाहेर विंचुदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या उदाहरणातील सर्वांत बोधप्रद भाग त्यानंतरचा आहे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये बावस्कर दांपत्याने महाड येथील ७० रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ रुग्णांना केवळ प्राझोसिन दिले व ३५ रुग्णांना त्याच्या जोडीला प्रतिविष दिले. दहा तासांनंतर पहिल्या गटातील ८ रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त होते, तर दुसऱ्या गटातील ३२. ज्या औषधामुळे नाव झाले तेच औषध एकटे दिल्यास कमी पडते, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. आपल्या कल्पाविषयी असे लिहिण्याची तयारी असणे ही शास्त्रीय वृत्तीची खूण होय. ते चिकित्सक आधुनिक वैद्यकाचे होते म्हणून हे उदाहरण आपले नव्हे, असे कोणी मानू नये. नोंदवहीला पॅथी नसते.

गुळवेलीचा वाद

आता आपल्या घरातला विषय. करोनाच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाली असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची निश्चिती केलेली नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांची आणखी एक मालिका प्रसिद्ध झाली. वाद अद्यापि सर्वांच्या स्मरणात आहे.

द्रव्यनिश्चिती झाली पाहिजे, हा आग्रह शास्त्रशुद्धच आहे. परंतु तोच निकष आपण आपल्या अनुकूल निबंधांना लावतो काय? 'गुळवेलीने ज्वरात उत्तम उपशय' असे लिहिताना ती गुळवेल कोठून आणली, कोणी ओळखली, ताजी की शुष्क, कांडाची की पानांची, हे आपल्यापैकी किती जण लिहितात? प्रतिकूल निबंधाकडून जो पुरावा मागावयाचा तो अनुकूल निबंधातही द्यावयास हवा, नाहीतर आपला आक्षेप केवळ पक्षाभिमान ठरतो.

द्रव्यनामांचा हा प्रश्न गुळवेलीपुरता नाही. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका दिली जाते. अन्यत्र ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मॉनिएरी. शंखपुष्पी या नावाखाली किमान चार भिन्न वनस्पती व्यवहारात आहेत. आपल्या कोकणात पांढरा कुडा व काळा कुडा दोन्ही विपुल आहेत आणि कुटजाच्या जागी काळ्या कुड्याची साल बाजारात येते, हे औषधनिर्मात्यांना ठाऊक आहेच. लेखात नुसते 'कुटजत्वक्' लिहून भागत नाही.

पाच वाक्यदोष

लेखन कसे तपासावे याचे निकष बाहेरून आणण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वादमार्गाच्या विवेचनात न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध असे पाच वाक्यदोष सांगितले आहेत. आम्ही आपल्या निबंधांचे व परिषदांतील निवेदनांचे अवलोकन करताना याच पाच दोषांचा पडताळा घेतो आणि तो फार उपयुक्त ठरतो.

न्यून. प्रतिज्ञा आहे, हेतू नाही. हेतू आहे, उदाहरण नाही, असे वाक्य न्यून होय. 'अनेक रुग्णांना लाभ झाला' हे आपल्या लेखनातील सर्वांत प्रचलित न्यून वाक्य. किती रुग्ण, किती काळ, लाभ कशाने मोजला, मध्येच किती जण येईनासे झाले? दवाखान्यात जे रुग्ण परत येत नाहीत ते बरे झाले असे आपण धरून चालतो. त्यांतील काही दुसरीकडे गेलेले असतात. 'दहा रुग्णांपैकी सात जण महिन्याने आले, त्यांतील पाच जणांना उपशम होता व तीन रुग्णांचा ठावठिकाणा नाही' हे वाक्य कमी आकर्षक आहे, पण पूर्ण आहे. दहा रुग्णांच्या संदर्भात टक्केवारी देणेही टाळावे. 'सत्तर टक्के' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शेकडो रुग्ण उभे राहतात.

अधिक. प्रस्तुत विषयाशी संबंध नसलेले बोलणे अथवा तेच पुन्हा सांगणे हा अधिक दोष. मूळव्याधीवरील निबंधाचा आरंभ आयुर्वेदाच्या अवतरणाने करणे, वाचक वैद्य असताना त्रिदोषांची व्याख्या देणे, ही त्याची उदाहरणे. आठ पानांच्या निबंधात पाच पाने संहितेतील उतारे आणि स्वतःचे निरीक्षण अर्ध्या पानात, असे प्रमाण अनेकदा आढळते. संहिता वाचकाजवळ आहेच. त्याच्याजवळ नाही ते तुमचे निरीक्षण. तेच विस्ताराने द्यावे.

अनर्थक. ज्या शब्दसमूहातून काहीच अर्थ निघत नाही तो अनर्थक. 'या कल्पाने शरीरातील सर्व प्रणालींचे संतुलन साधून समग्र आरोग्याची प्राप्ती होते' अशा वाक्यातून वाचकाच्या पदरी काय पडले? असे वाक्य कोणत्याही कल्पाविषयी लिहिता येते, हाच त्याचा दोष. महाभारत लिहून घेताना व्यासांनी गणपतीला अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही न लिहिण्याची अट घातली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ज्या दैवताच्या गावी बसून आम्ही हा लेख लिहीत आहोत त्याने ती अट मान्य केली होती. लेखकाने ती स्वतःला घालून घ्यावी.

अपार्थक. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, परंतु परस्परांशी संबंध नाही, असे लेखन अपार्थक. प्रस्तावनेत एक प्रश्न, मध्यभागी भलत्याच तपासण्या आणि निष्कर्ष तिसऱ्याच गोष्टीविषयी, हा त्याचा निबंधातील अवतार. आमवाताच्या रुग्णात संधिशूल व स्तंभ पाहावयाचे ठरविले आणि निष्कर्षात मात्र 'भूक वाढली, निद्रा सुधारली' असे लिहिले तर मूळ प्रश्नाचे काय झाले? यावर एक सोपा उपाय आहे. लेख पूर्ण झाल्यावर पहिला परिच्छेद व शेवटचा परिच्छेद एकापुढे एक ठेवून वाचावे. प्रश्न व उत्तर एकमेकांशी जुळत नसतील तर मधली पाने पुन्हा लिहावी.

विरुद्ध. दृष्टांत, सिद्धांत अथवा समय यांच्याशी विसंगत ते विरुद्ध. समय म्हणजे त्या त्या शास्त्राचा संकेत. आयुर्वेदीय निदान व आधुनिक निदान यांची सरमिसळ करणे हा आपल्याकडील नेहमीचा विरुद्ध दोष. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रमेह म्हणजे डायबिटीस, अशी समीकरणे मांडून पुढे चिकित्सा मात्र एकाच्या सिद्धांताने व मूल्यमापन दुसऱ्याच्या सिद्धांताने केले जाते. दोन्ही निदाने द्यावी, परंतु स्वतंत्रपणे द्यावी. प्रमेहाचा प्रकार कोणत्या लक्षणांवरून ठरविला ते सांगावे आणि रक्तशर्करा किती होती तेही सांगावे. दोहोंची गाठ वाचकाला स्वतः बांधू द्यावी.

या पाच दोषांच्या जोडीला तंत्रयुक्तींचेही स्मरण ठेवावे. चरकाने छत्तीस व सुश्रुताने बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. उद्देश म्हणजे संक्षेपाने कथन आणि निर्देश म्हणजे विस्ताराने कथन. आजच्या निबंधातील सारांश व मुख्य भाग यांचे नाते याहून निराळे नाही. पूर्वपक्ष व निर्णय यांना आजच्या निबंधात चर्चा व निष्कर्ष म्हणतात. रुग्णवृत्त कसे लिहावे याविषयी २०१३ साली 'केअर' या नावाने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतील कालरेषा, रुग्णाचे स्वतःचे म्हणणे, अनिष्ट परिणाम आणि रुग्णाची संमती या चार बाबी आपल्या लेखनात विशेष उणावतात. त्या आवर्जून घालाव्या.

अनिष्ट परिणामांची नोंद केली तर आपल्या शास्त्राची अपकीर्ती होईल, ही भीती अनाठायी आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदीय कल्पांची ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना केली. ४४० रुग्णांचा हा अभ्यास २०१३ साली 'रुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कल्प तुल्यबळ ठरले. त्याच निबंधात आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक घटक वाढल्याचेही स्पष्ट नमूद केले आहे. त्या नोंदीमुळे निबंधाचे वजन कमी झाले नाही. कोणावर लक्ष ठेवावे हे पुढच्या चिकित्सकाला कळले.

व्यासपीठावरील दहा मिनिटे

लेखाचा वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, श्रोता तसे करू शकत नाही. म्हणून निवेदनाची रचना निराळी असावयास हवी. परिषदेत सामान्यतः दहा मिनिटे मिळतात. त्यांतील तीन मिनिटे मंगलाचरण, मान्यवरांचे नामोल्लेख व आभार यांत जातात, चार मिनिटे संहितेच्या उताऱ्यांत, आणि निष्कर्ष येण्यापूर्वीच घंटा वाजते. हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

आमची सूचना अशी की पहिल्याच मिनिटात निष्कर्ष सांगावा. 'बारा रुग्णांना हा कल्प सहा आठवडे दिला, आठ जणांचा वेदनेचा अंक निम्म्यावर आला, एकाला अतिसार झाला म्हणून औषध थांबविले,' एवढे आधी सांगितले की श्रोता सावध होऊन पुढे ऐकतो. पडद्यावरील प्रत्येक पानावर एकच मुद्दा असावा आणि सभागृहातील शेवटच्या रांगेतून अक्षर वाचता यावे. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नये, कारण श्रोता तो वक्त्याच्या आधीच वाचून मोकळा होतो. वीस स्तंभांचे कोष्टक दाखविण्यापेक्षा त्यातील दोन आकडे मोठ्या अक्षरांत दाखवावे व संपूर्ण कोष्टक छापील स्वरूपात द्यावे. रुग्णाचे छायाचित्र संमतीशिवाय दाखवू नये, व चेहऱ्याची आवश्यकता नसल्यास तो झाकावा. घरी घड्याळ लावून मोठ्याने दोनदा म्हणून पाहिले की निम्मे दोष आपोआप लक्षात येतात.

प्रश्नोत्तरांविषयीही चरकाचार्यांचा उपदेश आजच्या सभांना तंतोतंत लागू पडतो. तद्विद्यसंभाषेचे त्यांनी संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार केले. मित्रभावाने प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू समजून उत्तर देण्याची वृत्ती आपल्या सभांतून अनेकदा दिसते. 'मात्रा कशी ठरविली?' या साध्या प्रश्नाला 'शास्त्रात सांगितले आहे' असे तुटक उत्तर मिळते आणि तरुण वैद्य पुन्हा उठत नाही. 'हे आम्ही पाहिलेले नाही, पुढील रुग्णांत पाहू' असे उत्तर देणे कमीपणाचे नाही. संधायसंभाषेने दोघांच्याही ज्ञानात भर पडते, आणि सभेचे प्रयोजन तेच आहे.

औषधनिर्मात्यांना व औषधालयचालकांना विनंती

कल्पाबरोबर दिले जाणारे माहितीपत्रक हेही शास्त्रीय लेखनच होय. ते वैद्यासाठी असेल तर त्यात घटकद्रव्यांची निश्चित नावे, वापरलेले अंग, प्रमाण, पूर्वी केलेल्या निरीक्षणांतील रुग्णसंख्या व वर्ज्य अवस्था असाव्यात. रुग्णासाठी असेल तर सोपी मराठी, मोठी अक्षरे, घेण्याची वेळ, आणि कोणते त्रास झाल्यास औषध थांबवून वैद्याला भेटावे, एवढे पुरे. 'शंभर टक्के गुणकारी' हे शब्द दोन्हींत नसावेत. मधुमेह, कर्करोग यांसारखे विकार बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्ध आहे, याचे स्मरण छपाईपूर्वी ठेवावे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, अतिशयोक्त पत्रक वाचून इन्सुलिन बंद करणारा रुग्ण शेवटी आपल्यापैकीच कोणाच्या तरी दारात अत्यवस्थ होऊन येतो.

काय करता येईल

निबंध लिहिण्यास सवड नाही, अशी अडचण अनेक वैद्यबंधू-भगिनी सांगतात. ती खरीही आहे. म्हणून आम्ही एक छोटा क्रम सुचवितो. तीन महिन्यांतून एक रुग्ण निवडावा. निवड चिकित्सेपूर्वीच करावी, गुण आल्यानंतर नव्हे, अन्यथा केवळ यशस्वी रुग्णच लिहिले जातील. पहिल्याच दिवशी वय, लक्षणे, दोन्ही निदाने, चालू असलेली अन्य औषधे व मोजता येईल असा एक अंक लिहून ठेवावा. तो अंक वजनाचा असेल, रक्तशर्करेचा असेल, किंवा रुग्ण न थांबता किती पावले चालतो एवढाच असेल. द्रव्य कोठून आणले ते लिहावे. महिन्याने तोच अंक पुन्हा घ्यावा. रुग्ण आला नाही तर तसे लिहावे. शेवटी ही नोंद दोन पानांत मांडून जवळच्या एखाद्या वैद्यमित्राला वाचावयास द्यावी व त्याने पाच वाक्यदोषांचा पडताळा घ्यावा. मराठीत लिहावे. नोंद पक्की असेल तर पुढे इंग्रजीत नेणे हे भाषांतराचे काम आहे, पण नोंदच नसेल तर कोणतीही भाषा उपयोगी पडत नाही.

एका जिल्ह्यातील वीस वैद्यांनी हा क्रम वर्षभर पाळला तर ऐंशी रुग्णवृत्ते जमा होतील. त्यांतील काही अयशस्वी असतील. कोणता कल्प कोणत्या अवस्थेत उपयोगी पडत नाही हे त्यांवरून कळेल आणि ते ज्ञान आज आपल्या कोणत्याही ग्रंथालयात नाही. तोपर्यंत निदान एवढे आजपासूनच करता येईल : उद्या सकाळी पहिली पुडी बांधताना तिच्यावर क्रमांकाऐवजी कल्पाचे नाव, मात्रा व तारीख लिहावी. ती पुडी कोणत्या गावी, कोणाच्या हाती उघडली जाईल हे आपणास ठाऊक नसते.